परवा, परवाना आणि परवागिल्ला

न्यूझीलंडहून परत आल्यापासून भेटेल तो मला तिथल्या डोंगरांबद्दल विचारतो. डोंगर छान आहेत. त्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, आणि त्यांच्याहून चांगले फोटो कुणाच्याही फोनवर सापडतील. पण तिथे गाडी चालवण्याचा परवाना काढायला मी आधी म्हैसूरला गेले होते, आणि त्या प्रवासाबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही. तेव्हा न विचारताच सांगते.

माझी मोठी बहीण, ताई, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका लहानशा गावात राहते. भावोजी गेल्यापासून एकटीच. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं आणि डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला बंदी केली. त्या गावात गाडी बंद म्हणजे पाय बंद. पण रडगाणं गाणं ताईच्या स्वभावात नाही. ती फोनवर एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं इथे काढली आणि बघितलं काय, तर घर, ऑफिस आणि किराणा दुकान. तळी राहिली, डोंगर राहिले. तू ये आणि मला गाडीतून फिरव. दिसतंय तोवर."

"दिसतंय तोवर" म्हणजे किती, हे तिने सांगितलं नाही. विचारायचा धीर मला झाला नाही. मी तिकीट काढलं.

मी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. न्यूझीलंडचे डोंगर वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले, देश सोडून मात्र कधी गेले नाही. अडचण वेगळीच निघाली. माझं लायसन्स म्हैसूरचं. लग्नानंतर दोन वर्षं माझ्या नवऱ्याची, विनायकची नोकरी तिथल्या मेटगळ्ळीच्या कारखान्यात होती, तेव्हा काढलेलं. जुनी छोटी पुस्तिका, आत हाताने लिहिलेलं सुंदर वळणदार कन्नड. न्यूझीलंडच्या पोलिसाला ते दाखवलं असतं तर त्याने बहुधा कौतुकाने फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं. त्यांना इंग्रजी हवं, नाहीतर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. आमच्याकडच्या आरटीओतल्या साहेबांनी पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि सांगितलं, "ज्यांचं लायसन्स त्यांच्याकडूनच परवाना आणा. इकडे वर्ग करून घ्यायचं तर महिना-दीड महिना धरा." विमान पुढच्या बुधवारचं होतं. मंजूर झालेल्या रजेआधी शाळेतून आणखी आठवडाभराची रजा घेतली आणि म्हैसूरची गाडी पकडली.

मंगळवार, देवराज मोहल्ला

म्हैसूरमध्ये माझं हक्काचं घर एकच, देवराज मोहल्ल्यातल्या विठ्ठलराव शिंप्यांचं. खाली दुकान, वर घर. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी कधीतरी महाराष्ट्रातून तिकडे गेली आणि जाताना पांडुरंग आणि मराठी बरोबर घेऊन गेली. पांडुरंग तसाच राहिला, मराठीत मात्र निम्मं कन्नड मुरलं. मी नवी नवरी असताना मराठी ऐकायला मिळावं म्हणून यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकायची. मला गरज नसलेले कितीतरी ब्लाउज त्या दोन वर्षांत शिवून झाले.

पायरीवर पाऊल ठेवताच विठ्ठलकाका म्हणाले, "बन्नी बन्नी! बाय आल्या बघ गं! ऊटा आय्ता?"

म्हणजे, या, या, आणि जेवण झालं का? सकाळचे साडेनऊ वाजले होते. म्हैसूरकर हा प्रश्न कुणालाही, कधीही, बिनधास्त विचारतात. आमच्याकडे तो फार जपून विचारतात, कारण समोरचा "नाही" म्हणू शकतो. मी "नाही" म्हणाले आणि काकूंनी गरम इडल्या, खोबऱ्याची चटणी आणि कॉफी समोर ठेवली. कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात करून प्यायची असते. मी ती थोडी साडीवर पण प्यायले.

मग मी लायसन्सची पुस्तिका आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि काकांना म्हटलं, "काका, यात माझं नाव काय लिहिलंय, जरा वाचा. मला कन्नड वाचता येत नाही."

काकांनी चष्मा चढवून वाचलं. "व्ही. सुनंदा बाई. बरोबर आहे की."

पासपोर्टवर होतं, सुनंदा विनायक साठे.

मला आठवलं. त्या वेळी फॉर्म कन्नडमध्ये होता, म्हणून तो काकांनीच भरला होता. विनायकचा व्ही पुढे काढला, आडनाव सोडून दिलं आणि बाई जोडलं.

"काका, हे बाई कशाला लिहिलंत?"

"मग काय लिहायचं?" काका चकित झाले. "नुसतं सुनंदा म्हणून लिहायचं? आमच्यात बाईमाणसाचं नाव असं उघडं लिहीत नाहीत. आम्ही सगळे राव, आमच्या बायका बाई. मान देऊन लिहिलो, बाय!"

आता या मानाला काय म्हणणार? शाळेत दिवसभर मुलं मला बाई म्हणतात, पण ते सरकारी कागदावर माझं आडनाव होऊन बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काकूंनी तेवढ्यात काकांना कन्नडमधून काहीतरी सुनावलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण मुद्दा कळला.

आरटीओत मी एकटीच गेले. काकांच्या दुकानात लग्नसराईचं काम होतं आणि मला माझ्या कन्नडवर विश्वास होता. मेटगळ्ळीच्या कॉलनीत आमचे सगळे शेजारी महाराष्ट्राचे, त्यामुळे दोन वर्षांत मी बाजारापुरते तीन शब्द शिकले होते. एष्टु म्हणजे किती, बेडा म्हणजे नको, आणि इल्ला म्हणजे नाही. तीन शब्दांत अख्खी भाजी येते.

खिडकीवर मोगऱ्याचा गजरा माळलेल्या, शांत चेहऱ्याच्या मॅडम होत्या. मी लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं पुढे केलं आणि दोन्ही नावांवर बोट ठेवून अपराधी चेहऱ्याने "नेम, नेम" म्हटलं. त्यांनी दोन्हींवरचे फोटो पाहिले, माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "परवागिल्ला. डॉक्टर सर्टिफिकेट तंदु कोडि."

डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, हे हातवाऱ्यांवरून कळलं. आणि पहिला शब्द तर मला अगदी स्वच्छ समजला. परवा, इल्ला. परवा नाही. म्हणजे गुरुवारी साहेब नाहीत! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. इतक्या वर्षांनी कन्नड कसं आठवतंय बघा. बुधवारी सर्टिफिकेट आणि नावाचं काहीतरी करायचं, गुरुवार सोडून द्यायचा आणि शुक्रवारी सगळं घेऊन यायचं, असा बेत ठरवून मी बाहेर पडले. काकांना सांगितलं, "परवा साहेब नाहीत, शुक्रवारी बोलावलंय." काका म्हणाले, "होय काय? बरं."

बुधवार, मंडी मोहल्ला

काकूंनी सांगितलेले डॉक्टर मंडी मोहल्ल्यात बसतात. गोण्या, हातगाड्या आणि मिरचीचा ठसका ओलांडून जिना चढायचा. डॉक्टर काकांच्याही वडिलांच्या वयाचे दिसत होते. त्यांनी रक्तदाब बघितला, हात वर करायला लावले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाले, "वरची ओळ वाचा."

मी गप्प बसले.

"बरं, एक पाऊल पुढे या. आता?"

मी एक पाऊल पुढे गेले आणि पुन्हा गप्प. डॉक्टरांनी मला अजून दोन पावलं पुढे घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिलं आणि विचारलं, "आणि तुम्हाला परदेशात गाडी चालवायची आहे?"

"डॉक्टर, मला सगळं दिसतंय," मी म्हटलं. "शेवटची ओळसुद्धा दिसतेय. चौथ्या अक्षरावर माशी बसलीय तीही दिसतेय. पण ते कन्नड आहे, मला वाचता येत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

भूगोलाच्या बाईला निरक्षर म्हणवून घ्यायची लाज वाटली, हे खरं उत्तर. ते मी दिलं नाही. डॉक्टरांनी तक्ता उलटा केला. मागे आकडे होते. मी ते खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवले आणि वाचता वाचताच मला वाईट वाटायला लागलं. एकाच आईच्या दोघी मुली. एकीला माशीसुद्धा दिसते आणि दुसरी अशाच एका खोलीत, अशाच तक्त्यासमोर बसून एकेक ओळ गमावत होती. डॉक्टरांनी "उत्तम दृष्टी" असं लिहून सही केली. मला त्या कागदाकडे धड बघवेना.

नंतर नोटरीकडे गेले. व्ही. सुनंदा बाई आणि सुनंदा विनायक साठे ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. म्हणजे ते हवंय असं मीच ठरवलं होतं. नोटरींनी इंग्रजीत अशी भाषा लिहिली की वाचून मला स्वतःलाच शंका यायला लागली. लाल शिक्का बसला, सही झाली. वाटेत मी नंजनगूडची रसबाळे केळी घेतली. ही केळी आपल्या वेलची केळ्यांपेक्षा थोडी मोठी, आणि गोडीला इतकी की मी रस्त्यात उभी राहून चार खाल्ली.

गुरुवार, मेटगळ्ळी

दिवस मोकळा होता म्हणून बसने मेटगळ्ळीला गेले. आमची कॉलनी आता भलत्याच रंगाची झाली आहे. कारखान्यामागचा रस्ता मात्र सापडला. तिथेच मी गाडी शिकले. शिकवणारे मास्तर फक्त कन्नड बोलत. पहिल्याच दिवशी, मी चाक धरून बसलेली, आणि हे शेजारून ओरडायला लागले, "एडा! एडा! एडा!" मी गाडी जागच्या जागी थांबवली आणि त्यांना मराठीतून ठणकावलं की फी भरून शिव्या ऐकून घेणार नाही, वेडी असेल तुमची... वगैरे. मास्तर बिचारे डाव्या बाजूला बोट दाखवत राहिले. एडा म्हणजे डावीकडे. तोवर मागे तीन लॉऱ्या थांबल्या होत्या.

आता त्या रस्त्यावर इतक्या लॉऱ्या धावतात की नवशिक्याची गाडी तिथे आणायची छाती होणार नाही. मी एका टपरीवर चहा घेतला आणि परत फिरले.

संध्याकाळी काकूंनी माझ्यासाठी खास बेत केला होता. ओबट्टु, म्हणजे आपली पुरणपोळी, पण तुरीच्या डाळीची आणि हातावर थापलेली. भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी. भात आणि सारु. सारु आपल्या आमटीचंच भावंड, पण पातळ आणि तिखट, गुळाचं नाव नाही. आमच्या आमटीत गूळ असतो हे कळल्यावर काकूंनी माझ्याकडे डॉक्टरांसारखंच करुणेने पाहिलं.

वाढता वाढता काकू काकांना म्हणाल्या, "सारात मीठ जरा जास्ती पडला बघा."

काकांनी भुरका मारला. "परवागिल्ला, परवागिल्ला."

माझा घास हातातच राहिला. "काका, परवा काय नाही?"

"कवा?"

"तुम्ही आत्ता म्हणालात ना, परवा इल्ला. परवा काय नाही?"

काकूंना आधी कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मटकन खालीच बसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "आरटीओतल्या मॅडम हेच बोलले काय?"

"हो. परवागिल्ला, डॉक्टर सर्टिफिकेट..."

"अय्यो बाय!" काकांनी कपाळावर हात मारला. "परवागिल्ला म्हणजे काय हरकत नाही! चालतंय! तुमचं नाव चालतंय म्हणून सांगितले ते. सर्टिफिकेट कालच नेऊन दिला असता तर काम मुगदे होयत होतं. आणि तुम्ही केळी खात गाव फिरायलाय!"

मुगदे होतं म्हणजे संपलं असतं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. उद्या शुक्रवार. शनिवार महिन्यातला दुसरा, कचेरी बंद. रविवारी माझी परतीची गाडी, बुधवारी विमान. उद्या काम झालं नाही तर ताईच्या दारात तिची गाडी उभी असणार आणि आम्ही दोघी बहिणी खिडकीतून तिच्याकडे बघत बसणार. माझ्या तीन शब्दांच्या अभिमानापायी ताईचे डोंगर जाणार होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

काकू म्हणाल्या, "रडू नको गं. ह्यांना उद्या दुकान बंद ठेवायला सांगते." आणि सांगितलं नाही, बजावलं.

शुक्रवार, आरटीओ

दहाच्या ठोक्याला आम्ही खिडकीपाशी. गजऱ्याच्या मॅडम नव्हत्या. रजेवर. त्यांच्या जागी एक तरुण, अतिशय टापटीप गृहस्थ बसले होते. त्यांनी सगळे कागद वाचले. सगळे म्हणजे सगळे. प्रतिज्ञापत्रापाशी थांबले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, नाव एकच असेल तर हे प्रतिज्ञापत्र कशाला? आणि नाव वेगळं असेल तर हे लायसन्स तुमचं कशावरून?"

तो कागद मी आणला नसता तर त्यांना शंकाही आली नसती. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, वर त्याच्यावर शिक्काही मारून घेतला होता.

"तुम्हाला या नावाने ओळखणारं इथे कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

काका पुढे झाले. काखेतल्या पिशवीतून त्यांनी एक लांबट, कडा झिजलेली वही काढली. त्यांची मापांची वही. इतक्या वर्षांपूर्वीची. मला ती त्यांनी आणल्याचं माहीतही नव्हतं. त्यांनी थुंकी लावत पानं उलटली आणि एक पान उघडून गजांपलीकडे धरलं. वर कन्नडमध्ये लिहिलं होतं, ते त्यांनी मोठ्याने वाचलं, "सुनंदा बाई, व्हाइफ ऑफ विनायक राव, मेटगळ्ळी." खालचे आकडे त्यांनी पंजाने झाकून धरले होते.

"मापं बघू नका, सार," ते म्हणाले. हे त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, नंतर मला मराठीत सांगितलं. "मापं आता तसली राहिली नाहीत. माणूस तेच आहे. नाव पण मीच लिहिलो, फॉर्म पण मीच भरलो. चूक काय असेल तर ते माझी."

गृहस्थांनी वही घेतली. पानावरची तारीख पाहिली, लायसन्सवरची पाहिली. "तुम्ही इतक्या जुन्या वह्या ठेवता?"

"गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही म्हणून सांगून जात नाही, सार. मी कशी टाकू?"

ते वही घेऊन आत साहेबांकडे गेले. दहा मिनिटं झाली. काका भिंतीला टेकून पुटपुटत होते, बहुधा पांडुरंगाचं नाव. मग दार उघडलं, गृहस्थ बाहेर आले, प्रतिज्ञापत्र माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "इदु बेडा." हे नको. आणि मग, माझ्याकडे बघून, "परवागिल्ला."

आयुष्यात कुठल्याही भाषेतला एवढा सुंदर शब्द मी ऐकलेला नाही.

एक वाजता परवाना हातात पडला. राखाडी रंगाची पुस्तिका, आत निरनिराळ्या भाषांची पानं, शेवटी माझा फोटो आणि खाली माझं पूर्ण नाव, कुणाचाही मान न जोडता. आवारातल्या झाडाखाली उभं राहून मी तिचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. तिकडे संध्याकाळ होती. लगेच तिचा फोन आला.

"मिळाला गं, ताई! बघितलास का फोटो?"

"बघितला. राखाडी आहे ना?"

"हो, आणि नाव बघ खाली, काय झोकात लिहिलंय."

"तू वाच," ती म्हणाली.

"अगं, फोटो मोठा करून बघ ना."

"मोठाच केलाय," ताई म्हणाली.

मी वाचून दाखवलं. नाव, जन्मगाव, पत्ता, परवाना कुठकुठल्या गाड्यांना चालतो ते सगळं. शिक्क्यावरचं कन्नड काकांकडून वाचून घेतलं आणि तेही सांगितलं. काकांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

दक्षिण बेट

तिकडे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. रस्ते मोकळे, मेंढ्या शिस्तीच्या. सव्वा महिन्यात एकाही पोलिसाने मला अडवलं नाही आणि त्या राखाडी पुस्तिकेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अडवावं म्हणून मी एकदा मुद्दाम पोलिसांच्या गाडीपुढून हळू गेले. ते हात हलवून हसले.

नवव्या दिवशी आम्ही मोठ्या तळ्यापाशी पोचलो. वळणावर डोंगररांग एकदम समोर आली. मी वेग कमी केला, तिने स्वतः बघावं म्हणून. ताई पुढे वाकून, काचेला नाक लागेल इतकी जवळ जाऊन बघत होती.

"दिसला?" मी विचारलं.

"डोंगर कळतोय. काळा, मोठ्ठा." ती अजून थोडा वेळ बघत राहिली. "वर बर्फ आहे का, ते तू सांग."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, तिच्या बाजूची काच खाली केली आणि पहिल्या शिखरापासून सांगायला सुरुवात केली.